धुण्याच्या दगडावरची जहाजं

शुक्रवार, ६ नोव्हेंबर १९९८, शारजा
आधी आली ती म्हातारीच. चार वाजता सांगितलं होतं, साडेतीनलाच दारात. लेक मागून. समोरच्या फ्लॅटमधली मॉरीन नर्स, आयर्लंडची, तिची आई ब्रिजिट. माझ्याच वयाची पण गुडघे शाबूत. मेलीने तीन करंज्या खाल्ल्या, मला भारी आवडली.
फोटो आणले होते तिच्या गावचे. नाव मला म्हणता येत नाही. समुद्रकाठ, होड्या, पाऊस, अगदी आपलंच. बंदरावर पडका किल्ला. एक जुनं देऊळ त्यांचं, वर छप्पर नाही, पण दाराला कुलूप! किल्ली हिच्या स्वैपाकघरात खिळ्याला. पाहुणे आले की हिचं दार वाजवतात, ही हात पुसत उठते नि दाखवायला नेते. आत एक थडगं, त्यावर जहाज कोरलेलं. भोवती लोखंडी कठडा. कुणी हात लावला तर ही ओरडते म्हणे.
मग तिने विचारलं, तुमच्या गावात काय आहे? माझे चिरंजीव, सुधीर, म्हणतात, "नथिंग. ओन्ली फिश अँड मॉस्किटोज." आणि हसले. एवढं इंग्रजी मला कळतं. पाहुण्यांसमोर मी गप्प बसले. गेल्यावर बसले नाही. रात्री जेवले नाही. (करंज्या खाल्ल्या दोन.)

शनि. ७
सुधीरशी बोलत नाही. सून नीता मधल्यामधे, "आई, जाऊ द्या हो." काय जाऊ द्या? ज्या गावचे मासे खाऊन एवढा वाढला ते गाव नथिंग?
दु. अल्बम काढला, म्हटलं आपणही फोटो दाखवू. मे महिन्यातला नातीचा, रियाचा फोटो. विहिरीजवळ, धुण्याच्या दगडावर उभी, पाय ओले. तिच्या पायाखाली बघितलं नि

नंतर लिहिते.

रवि. ८
दगडावर जहाजं आहेत. एकाखाली एक. वल्ह्यांची रांग. वर चंद्र-सूर्य. चाळीस वर्षं रोज बघितलेली, बघितली मात्र नाहीत.
फोटो घेऊन तशीच समोर गेले, गाऊनवर. ब्रिजिटने चष्मा लावला, मग भिंग आणलं. मग रियाला काहीतरी विचारलं. रिया म्हणाली, "आजी, शी इज आस्किंग, द मिडल पार्ट इज सो स्मूथ. हू रब्ड इट?"
मी म्हटलं, ठाऊक नाही म्हणून सांग.
खोटं बोलले. सासूबाई पाठीकडच्या सपाट बाजूवर धुवायच्या. मी नवीन आले तेव्हा दोन गडी लावून दगड उलथवून घेतला. नक्षीवर मळ चांगला निघतो. सगळ्या आळीला सांगत सुटले होते, माझी अक्कल बघा म्हणून. वीरगळच असणार तो, लढाईत मेले असतील बिचारे त्या बोटींतले. आणि मी त्यांना धोपाटण्याने धोपटलं, रोज.

मंगळ. १०
गावी फोन. धाकटे दीर, दत्ताभावोजी. म्हटलं तो दगड जपा. तर म्हणतात, "बरी आठवण केलीत. नवा बाथरूम बांधतोय, त्याची पायरी करतोय. गुरुवारी १९ला गवंडी येतोय, मध्ये फोडून दोन पायऱ्या निघतील."
फोडून!
मी ओरडले. ते हसले. "वहिनी, जन्मभर कपडे आपटलेत तुम्ही त्यावर. आता दुबईत गेल्यावर देव झाला होय?" शारजा म्हटलं तरी दुबईच म्हणणार. फोन आपटला. त्याचाच राग जास्त येतोय, की ते खरं बोलले.

शुक्र. १३
ब्रिजिटला खरं सांगून टाकलं. मॉरीनला हॉस्पिटलातलं हिंदी येतं, तिने सांगितलं. वाटलं ओरडेल. ती म्हणाली, लहानपणी आम्ही त्या थडग्यावर बसून खेकडे फोडायचो. कठडा नंतरचा. मग दोघी हसलो, इतक्या की सुधीर बाहेर आला. "काय झालं?" नथिंग, म्हटलं.
पण आपल्याला कठडा कोण घालून देणार? सहा दिवसांत?

सोम. १६
सुचलं! भावोजी बाजारात गेल्याच्या वेळेला फोन केला. त्यांच्या सुनेला, सुनीताला, सांगितलं. बुधवारी पहाटे दगड उभा करून घे, भिंतीला टेकव. वर चंद्र-सूर्यापाशी शेंदूर लाव, फुलं वाहा, नारळ ठेव. जहाजांवर थेंब सांडू नकोस. शेंदूर लागला की गवंडीच छिन्नी खाली ठेवतो, मग भावोजी काय करतात बघू. म्हणाले ना देव झाला होय? हो, झाला!
सुनीता म्हणाली, "बघते, काकू. मामंजी चिडतील." बघते म्हणजे काय? करते म्हण ना.

बुध. १८
तीनदा फोन. उचलत नाहीत. सुधीर स्वतःहून चौथ्यांदा लावून बसला, नुसती रिंग. "आई, लहानपणी मी त्या वल्ह्यांवर बोट फिरवायचो," म्हणाला. मग सांगायचं नाही का तेव्हा, गाढवा!
ब्रिजिट डोकावून गेली. उद्या गवंडी. परवा, शुक्रवारी २०ला, चार वाजता दोघी येतो म्हणाली, दगडाचं काय झालं ते ऐकायला. म्हणजे साडेतीनला.