आमसूल संपलं होतं म्हणून

विजयश्री,

मोरीत लाल सांडलंय ते रक्त नाही, घाबरू नकोस. सृष्टीला घेऊन फाट्यावरच्या मोठ्या दवाखान्यात निघालेय. खालचे रंगराव रिक्षा वळवतायत तोवर लिहिते. शिफ्ट सुटेपर्यंत तुझा मोबाईल लॉकरमध्ये, फोन तरी कुठे करू?

शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाची बर्फी खाल्लीन तिने. काजूचीच असणार, काजूनेच तिला असं होतं. घरी आली ती अंगभर पित्त उठलेलं. आमच्या कोकणात अशा वेळी आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात, थोडं पाजतात. आमसूल संपलं होतं. म्हणून तू कांद्यावर भुरभुरतेस ती दुबईची लाल, आंबट सुमाकची पूड भिजवली, अंगाला चोळली आणि अर्धी वाटी पाजली. पोरगी कांद्याला शिवत नाही, त्यामुळे ती पूड तिच्या पोटात कधी गेलीच नव्हती.

लगेच ओठ सुजले. आता श्वास घेताना छातीत शिट्टी वाजतेय. डॉक्टर फोनवर ओरडले, सुमाक काजूच्याच कुळातलं आहे, आहे तशी उचलून दवाखान्यात न्या.

पुडी दाखवायला बरोबर नेतेय. तू कपडे बदलत बसू नकोस, थेट तिकडे ये.

धनेशने विचारलं तर मी पाजलं, एवढंच सांगेन. माझाच लेक आहे, माझ्यावर ओरडेल आणि गप्प बसेल. सुमाक म्हणजे आपलं आमसूलच समजा, असं मला कोण म्हणालं होतं, ते त्याला कळायला नको.

आई