निळ्या पेन्सिलीची ओळ

२ ऑक्टोबर १९९६, लिस्बन

शिसारी आली! दुसरा शब्दच नाही.

सकाळी पेपर उघडला — अबिलियो सेर्पाला सन्मानपदक! म्हातारा पंचाऐंशीचा होऊन गेला, तेव्हा कुठे या लोकांना आठवण झाली. तरी मी आनंदाने ओरडलो. लिओनिल्द हातातला कांदा तसाच घेऊन धावत आली. मग पुढचं वाचलं. पदक देणार कोण? तर साहित्य मंडळाचे अध्यक्ष, डॉक्टर एवारिश्तो किंतेला.

किंतेला! हुकूमशाहीच्या काळात सेन्सॉरची निळी पेन्सिल घेऊन बसलेला माणूस. प्रत्येक मासिक छापायच्या आधी याच्या टेबलावरून जायचं. सेर्पाच्या किती कविता याने चिरडल्या, त्याची गणती नाही. सरकार पडलं तसा हा रातोरात साहित्यप्रेमी झाला. ज्या हाताने ओळी खोडल्या, त्याच हाताने आता पदक घालणार. फोटोत हसतोय. दातही नवे बसवलेत.

कॉफी तशीच टाकून उठलो.

३ ऑक्टोबर

मंडळातून फोन. ‘प्रोफेसर, सेर्पांना इटलीत तुम्हीच पोचवलंत. समारंभात तुम्ही बोलायचं. आणि ती कविता वाचायची — समुद्राची!’

हो म्हणालो.

लिओनिल्द बघतच राहिली. ‘कालपासून थुंकतोयस त्यांच्या नावाने, आणि हो?’

‘म्हणूनच हो. सगळ्यांसमोर सांगणार, हा किंतेला कोण आहे ते.’

‘सेर्पाला विचारलंस?’

‘त्यात विचारायचं काय?’

ती गप्प. ही बाई गप्प बसली की मी चुकतोय असं समजावं, हे तीस वर्षांत शिकलोय. पण या वेळी नाही!

ती कविता. इटलीत, पिसा शहरात विद्यार्थी होतो. लिओनिल्द लिस्बनहून आलेली, इटालियन मोडकंतोडकं. नदीच्या कठड्यावर बसून तिने सेर्पाची ती ओळ म्हटली — ‘आज समुद्र घरी आला नाही.’ शब्द एकही कळला नाही, तरी अंगावर काटा आला. पुन्हा म्हण म्हणालो. पुन्हा म्हण. त्या दुपारी ठरलं, ही पोर्तुगीज भाषा शिकायची. ही मुलगीही सोडायची नाही. पुढचं सगळं, भाषांतरं, नोकरी, माझ्या कादंबऱ्या, वर्षातले सहा महिने हे शहर, त्या एका ओळीमागे आलं. बाबा मरेपर्यंत विचारत होते, ‘आपल्या भाषेत काय कमी पडलं रे तुला?’

५ ऑक्टोबर

सेर्पाकडे गेलो. ग्रासा भागातल्या चढावर चौथा मजला, लिफ्ट नाही. म्हातारा उकडलेला बाकल्याव मासा आणि छोले खात बसला होता, वर ऑलिव्हचं तेल ओतलेलं. तेल हनुवटीवरून ओघळत होतं.

‘ये, इटालियन! बस. काटे बघून खा.’

मी तावातावाने सगळं बोललो. हे पदक म्हणजे थोबाडीत आहे. परत करा. त्या माणसाच्या हातून घेऊ नका.

तो चावत राहिला. ‘जड असेल का रे ते?’

‘काय?’

‘पदक. खिडकी वाऱ्याने आपटते. टेकण लावायला होईल.’

‘थट्टा काय करता! त्या माणसाने तुमची गळचेपी केली!’

‘माझ्या कविता त्याच्याइतक्या नीट कुणी वाचल्या नाहीत. तुझा नंबर दुसरा.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा नंबर! चार खंड भाषांतर केलेत मी याचे! प्रत्येक प्रस्तावनेत लिहिलं — सेर्पाला पोलिसांनी धरून नेलं, आठवडाभर ठेवलं, पण कवी वाकला नाही. आणि हा न वाकलेला कवी आता किंतेलाची स्तुती करतोय, मिशीला छोले लागलेले!

उतरताना कठड्याला हात लावला, तर तो चिकट. सगळं शहरच चिकट वाटलं.

७ ऑक्टोबर

मिलानहून प्रकाशकाचा फोन. ‘नव्या कादंबरीत ट्राम असू दे. वाचकांना ट्राम आवडते.’ फोन आपटला.

९ ऑक्टोबर

आज तो भेटला.

आमच्या कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात मी आणि लिओनिल्द कॉफी घेत होतो. मागून लॅव्हेंडरच्या अत्तराचा भपकारा आला. वळलो — किंतेला! टोपी हातात. लिओनिल्दच्या हातावर ओठ टेकवले आणि न विचारता खुर्ची ओढली.

‘प्रोफेसर, तुमचं इटालियन भाषांतर मी पुन्हा पुन्हा वाचतो. समुद्राची ओळ तर — वा! तुमच्या भाषेत ती आमच्यापेक्षा गोड वाटते. मला तिचा फार अभिमान आहे.’

‘अभिमान सेर्पांना असायचा. तुमचा काय संबंध?’

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, ‘अबिलियोने तुम्हाला सांगितलं नाही? अरेरे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार.’

उठला, टोपी घातली, गेला. कॉफीचे पैसेही आमचे देऊन गेला, मेला! ती कॉफी पोटात गेलेली होती. घरी येऊन दात घासले.

१० ऑक्टोबर

आता लिहितो. 

सेर्पाला सरळ विचारलं. ‘ती ओळ कुणाची?’

म्हातारा खिडकीशी गेला. पाठ माझ्याकडे.

‘भेटला वाटतं तुला. त्याची आहे.’

सत्तावन्न सालची गोष्ट. मासिक छापायला जायचं होतं. संपादक सेर्पाला घेऊन किंतेलाच्या कचेरीत गेला. किंतेलाने कविता वाचली आणि शेवटची ओळ खोडली. संपादक गयावया करायला लागला — शेवटच नसेल तर कविता कशी छापू? तेव्हा त्या माणसाने तिथेच टेबलावर, त्याच निळ्या पेन्सिलीने, खोडलेल्या ओळीवर लिहिलं — आज समुद्र घरी आला नाही. ‘हे चालेल,’ म्हणाला. आणि पुढचा कागद ओढला.

‘आणि तुमची ओळ? खोडली ती?’

आपटणारी खिडकी त्याने हाताने धरली. मग म्हणाला, ‘माझ्या भावाला त्यांनी नेलं.’

भाऊ! तीस वर्षं मी याच्या घरी जेवतोय. भावाचं नाव कधी काढलं नाही याने!

‘अनिबाल. माझ्याहून धाकटा. गोदीत संघटना बांधायचा. एका पहाटे येऊन घेऊन गेले. परत आला नाही.’

 अख्ख्या देशाला पाठ असलेली कविता. शाळेत मुलं म्हणतात, लग्नात म्हणतात! आणि तिच्याखाली एक माणूस पुरलेला.

‘पण चौऱ्याहत्तरात सरकार पडलं! सगळं मोकळं झालं! तेव्हा तुमची ओळ परत का नाही घातली?’

‘त्याची जास्त चांगली होती.’

‘भावापेक्षा?’

तेव्हा वळला. ‘तुला काय वाटतं, मला किळस आली नाही? मासिक हातात पडलं तेव्हा मी ओकलो, इटालियन. मग लोक ती ओळ म्हणायला लागले. रस्त्यात थांबवून म्हणायचे, डोळ्यांत पाणी आणून. मी काय सांगू त्यांना?’

‘मी सांगतो. समारंभात मूळ ओळ वाचतो.’

‘नाही.’ इतका मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. ‘ती ओळ तू वाचायची नाहीस.’

‘का?’

‘मी सांगतोय म्हणून!’

भित्रा. लिहितानाही पेन अडखळतं, पण भित्रा आहे तो. मी ज्याला देव मानला, तो घाबरट म्हातारा निघाला. चांगली ओळ मिळाली म्हणून सख्ख्या भावाला विकला!

११ ऑक्टोबर

लिओनिल्दला सांगितलं. आधी तोंडावर हात. मग खांदे हलायला लागले. वाटलं रडतेय. हसत होती!

‘म्हणजे आपलं लग्न किंतेलाने जमवलं म्हणायचं!’

मी दार आपटून बाहेर. नदीपर्यंत चालत गेलो. तीस वर्षं वर्गात शिकवलं — या ओळीतला समुद्र म्हणजे स्वातंत्र्य! पोरांनी वहीत उतरवून घेतलं. स्वातंत्र्य! सेन्सॉरने जेवणाच्या सुट्टीआधी खरडलेलं स्वातंत्र्य! आणि सगळ्यात ओंगळ काय, तर ती ओळ आजही तोंडात येते आणि आजही काटा येतो. अंगाला कळतच नाही, कुणाची आहे ते. स्वतःचीच कातडी काढून फेकावीशी वाटली.

परत आलो तर ती जेवायची थांबली होती. ‘मी हसायला नको होतं,’ म्हणाली. मग ताट वाढता वाढता — ‘रुज्जेरो, भाऊ त्याचा आहे. तुझा नाही.’



१४ ऑक्टोबर

भाषण चार वेळा लिहिलं, फाडलं. कविताच वाचणार. मूळ कविता.

१७ ऑक्टोबर

झालं.

सभागृह खचाखच. पहिल्या रांगेत सेर्पा, काठीवर दोन्ही हात. शेजारी किंतेला, तोच अत्तराचा वास. मंत्री, बायका, फुलं, मखमल. मी उभा राहिलो. भाषण न करता कविता सुरू केली. लोकांनी डोळे मिटले. शेवटाकडे आलो. थांबलो. आणि म्हणालो — ‘माझ्या भावाला त्यांनी नेलं.’

 मग तिसऱ्या रांगेतून एका बाईचा आवाज, प्रेमळ, शाळेतल्या मास्तरणीसारखा, ‘आज समुद्र घरी आला नाही!’ मी विसरलो असं वाटलं तिला! मग दुसरा आवाज. मग सगळेच. अख्खं सभागृह एका सुरात मला माझी चूक सुधारून सांगत होतं. आज समुद्र घरी आला नाही... काहींच्या डोळ्यांत पाणी. सेर्पाचेही ओठ हलत होते! गप्प होता तो एकटा किंतेला.

मी ओरडलो, ‘ही ओळ सेर्पांची नाही! सेन्सॉरची आहे! या इथे बसलेल्या डॉक्टर किंतेलाची! यांनी सेर्पांच्या भावाला खोडून ती लिहिली! अनिबाल सेर्पा — नाव लक्षात ठेवा!’

हशा पिकला. वाटलं, इटालियन लेखक गंमत करतोय.

तेव्हा किंतेला उठला. ‘प्रोफेसर खरं सांगतायत,’ म्हणाला. ‘ओळ माझी आहे.’

 आणि मग — टाळ्या! हो, टाळ्या! आधी एक, मग दहा, मग सगळे. उभे राहून! त्याच्यासाठी! एवढी सुंदर ओळ, आणि बिचारा इतकी वर्षं गप्प राहिला! किती मोठं मन! मंत्र्याने त्याला मिठी मारली. अनिबालचं नाव कुणाच्या कानात शिरलंच नाही.

सेर्पा उठला. मला वाटलं, आता तरी काठी हाणेल. पण त्याने मान पुढे केली आणि किंतेलाने पदक घातलं. मग म्हाताऱ्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. भीती होती. कशाची, कळलं नाही.

मागच्या दाराने बाहेर पडलो आणि भिंत धरून ओकलो. लिओनिल्द पाठ चोळत होती. ‘चल घरी,’ एवढंच म्हणाली.

१८ ऑक्टोबर

पेपरात मोठा मथळा — ‘पडद्याआडचा कवी’. फोटो किंतेलाचा. रेडिओवर किंतेला. आता त्याचा संग्रह निघणार म्हणे! माझं नाव शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, तेही चुकीचं छापलेलं. अनिबालचं नाव फक्त रेडिओवरच्या एका बाईने घेतलं, कोण होता हो हा, असं विचारत.

सेर्पा फोन उचलत नाही.

२० ऑक्टोबर

चौथा मजला चढून गेलो. दार वाजवलं. आत खोकला ऐकू आला. म्हणजे आहे. ‘अबिलियो, मी रुज्जेरो!’

आतून — ‘जा.’

‘मी तुमच्या भावासाठी केलं!’

‘माहीत आहे. जा.’

पायरीवर बसून राहिलो. दार उघडलं नाही. उतरलो. इटलीला परत जावं. ऑलिव्ह उतरवायचे दिवस आहेत, भाऊबंद शेतात असतील. ही भाषा, हे शहर, हे पाठांतर करणारे लोक — पुरे! आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून राहिलो, आणि तेही किंतेलाने बांधलेल्या घरात! लिओनिल्दला म्हटलं, बॅगा काढ. ती म्हणाली, ‘तुझी काढते. मी इथे जन्मले.’

२१ ऑक्टोबर

बॅग दारात. उद्याची गाडी.

२२ ऑक्टोबर

सकाळी फोन. बोर्दोहून, फ्रान्स. म्हाताऱ्याचा घोगरा आवाज. इथल्या पोर्तुगीज मजुरांच्या रेडिओवर तुमचं ऐकलं, नंबर साहित्य मंडळाने दिला म्हणाला. ‘मी अनिबाल सेर्पा.’  ‘त्यांनी नेलं, हे तुम्ही वाचलंत ना, ते अर्धंच खरं आहे, साहेब. मी कुठे लपलोय ते अबिलियोने सांगितलं होतं. आठवडाभर मारत होते त्याला. तुरुंगातून सुटलो तो सरळ इकडे आलो, त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून.’ मग आवाज खाली आणत विचारलं, ‘चढवतात का त्याला अजून ते जिने? नीट जेवतो का?’

गुरुवारी येतोय. सांता अपोलोनिया स्टेशनवर घ्यायला मी जाणार आहे.