वही बघ

पारनेर

प्रिय ज्योती,

अकरा वर्षांनी पत्र, तेही हसीनाचं! फाडू नकोस, आधी वाच. तू भांडून पुण्याला गेलीस, तरी आपलं छपाईचं दुकान मी एकटीनं चालवलं. आता लग्नपत्रिका लोक मोबाईलवरच पाठवतात, म्हणून या महिन्यात आवरतं घेतेय.

आपला पहिला कॉम्प्युटर आठवतो का गं? त्यात नवा प्रोग्राम टाकायचा म्हटलं की तू मास्तरीणबाई व्हायचीस. बाकीचं सगळं बंद कर, प्रत्येक पान वाच, नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट दाबत सुटू नकोस. मी सुटायचेच! एकदा त्यापायी नको ते तीन प्रोग्राम आत येऊन बसले, तेव्हा तू डोक्याला हात लावलास. काढायचे नियम त्याहून कडक. आधी आपलं काम दुसरीकडे ठेव, मग कंट्रोल पॅनेलमधूनच काढ, मशीन बंद करून चालू कर, आणि वहीत तारीख घालून सही कर. किती हसायचे मी त्या वहीला! कीबोर्डलासुद्धा तुझ्या ठेच्याचा वास यायचा. लई गोड दिवस होते, बाई.

मग ऐन लग्नसराईत आपली साडेतीनशे डिझाइनं गायब झाली. त्याच आठवड्यात तू अँटिव्हायरस काढला होतास, म्हणून गिऱ्हाइकांसमोर मी तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालीस, वही बघ. मी कसली बघते! दुसऱ्या दिवशी तू किल्ली काउंटरवर ठेवून गेलीस.

काल टेबल सरकवलं, तर मागे वही पडलेली. आठ मेच्या ओळीत लिहिलंय, पत्रिकेचा जुना प्रोग्राम काढला, फोल्डर डिलीट केलं. खाली सही माझी. नवा प्रोग्राम आला म्हणून जुन्याचं फोल्डरच उडवलं मी, आणि डिझाइनं त्यातच होती. नवा नीट चालला, मी विसरूनही गेले. तुझा एकही नियम पाळला नाही, सही तेवढी केली, तुझ्या धाकानं. म्हणजे ज्योती, तू ती ओळ वाचली होतीस. तरी चार लोकांत माझं नाव घेतलं नाहीस. रात्रभर रडले गं. चुकले मी. मशीन द्यायच्या आधी शेवटचा प्रोग्राम काढायचाय, तुझ्याच पद्धतीनं, तुझ्यासमोर. वहीत ओळ लिहून ठेवलीय, तारीख घातलेली नाही. तू येशील ती घालू.

तुझीच,
हसीना