इस्त्री थंड आढळल्याबाबत

प्रति,
मा. दिवाणी न्यायाधीश,
दिवाणी न्यायालय (कनिष्ठ स्तर).

विषय : माझ्या लॉंड्रीच्या गाळ्याची पाहणी पुन्हा, आणि कोणालाही न कळवता, करण्याबाबत.

संदर्भ : १) गाळा रिकामा करून मागणारा जागामालकांचा दावा. २) न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांचा पाहणी अहवाल.

महोदय,

वरील दाव्यात मी प्रतिवादी आहे. हा अर्ज माझ्या वकीलसाहेबांना न दाखवता देत आहे. कारण पुढे येईल.

१. माझी लॉंड्री आहे. धुणे आणि गिऱ्हाइकांशी बोलणे पत्नीकडे, इस्त्री आणि कपडे घरपोच करणे माझ्याकडे, अशी ती आम्ही दोघांनी चालवली. गेल्या वर्षी पत्नी वारली. त्यानंतर सात महिने मी शटर उघडले नाही. हे मी नाकारत नाही. आत खिळ्याला तिचा एप्रन होता. तो काढवतही नव्हता आणि बघवतही नव्हता. जागामालकांचे म्हणणे असे की धंदा कायमचा बंद झाला असून मी गाळा नुसता अडवून ठेवला आहे. सहा महिने विनाकारण बंद असलेला गाळा कायद्याने परत मागता येतो, हे मला दाव्याची नोटीस हातात पडल्यावर कळले. जागामालकांना ते आधीपासून माहीत असावे.

२. असे म्हणण्याचे कारण. पत्नी गेल्यावर जागामालक दर महिन्याला माझ्या घरी येत. खुर्ची ओढून शेजारी बसत आणि म्हणत, "घाई करू नका. दुकान काय कुठे पळून जात नाही. आधी स्वतःला सांभाळा." मला बरे वाटे. भाडे घेऊन, पाठीवर हात ठेवून ते जात. सहा महिने पुरे झाले आणि त्यांचे येणे थांबले. पुढे नोटीसच आली. ते माझे सांत्वन करत होते की महिने मोजत होते, हे न्यायालयाने त्यांना शपथेवर विचारावे. मेव्हणी तेव्हा घरात असे. तिने हे बोलणे ऐकले आहे.

३. दाव्याला बंद शटरचे फोटो जोडले आहेत. सगळे एकाच जागेवरून काढलेले आहेत आणि ती जागा म्हणजे समोरचे चष्म्याचे दुकान. एका फोटोत मी पायरीवर बसलेला दिसतो. त्या दिवशी मी कुलपाला हात लावला आणि परत बसलो. चष्मेवाले आणि मी कित्येक वर्षे एका किटलीतला चहा घेत आलो. मी त्यांना विचारले तर म्हणाले, "माझ्याकडे दिवसभर माणसं येतात. कोण खिडकीत काय करतंय ते बघायला मी माझाच चष्मा लावून बसू का?" गमतीने म्हणाले असतील. मी तेव्हापासून त्यांच्याकडे चहाला गेलेलो नाही.

४. नोटीस आल्यावर मी दुकान उघडले. थोडी गिऱ्हाइके परत आली. आयुक्तसाहेब आले त्या सकाळी टेबलावर शर्टांची चवड होती आणि इस्त्री तापलेली होती. जागामालक आधीच येऊन जिन्याखाली उभे होते. सगळ्यांचे मीटर जिन्याखाली आहेत आणि त्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते. आयुक्तसाहेबांनी आत पाय ठेवला आणि माझी वीज गेली. शेजारच्या सलूनमधला पंखा फिरत होता. तो मी त्यांना दाखवला. ते म्हणाले, "काका, मला तुमच्याच गाळ्याचं लिहायचंय." मग ते टेप लावून गाळा मोजत बसले. मोजून झाल्यावर त्यांनी इस्त्रीला हात लावला. अहवालात लिहिले, "वीजपुरवठा बंद. इस्त्री थंड आढळली." ते गाडीत बसून गेले आणि माझा दिवा लागला.

५. हे मी वकीलसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "वीज जातेच हो. त्यात काय एवढं?" त्यांना मी कँटीनमध्ये जागामालकांच्या वकिलांबरोबर हसताना पाहिले होते. तेही विचारले. म्हणाले, "मग काय रडू त्यांच्यासमोर?" त्यांचा सल्ला असा की, मी आजारी होतो असा डॉक्टरांचा दाखला आणावा, कारण बायको गेली हे कारण सात महिने पुरत नाही. मी आजारी नव्हतो. जेवत होतो, चालत होतो. तसला दाखला मी आणणार नाही. माझे खरे कारण न्यायालयाला कमी वाटले तर तसा निकाल द्यावा.

६. माझा संशय फार वाढला आहे, हे मला कळते. परवा मेव्हणीलाही मी विचारले की तुला इकडे कोणी पाठवले. ती म्हणाली, "भाऊजी, डबा आणलाय. समन्स नाही." ती जेवायला वाढून गेली. पण मीटरच्या पेटीची किल्ली कोणाकडे असते, हा काही माझा संशय नाही. ते कोणीही सांगेल.

७. तरी विनंती की पाहणी पुन्हा व्हावी. तिची खबर जागामालकांना, माझ्या वकिलांना किंवा मलाही देऊ नये. आयुक्त दुसरे असावेत. त्यांनी गिऱ्हाईक म्हणून यावे आणि स्वतःचा एक चुरगळलेला शर्ट आणावा. तो मी समोर इस्त्री करून देईन. वीज गेलीच तर कोळशाची जुनी इस्त्री मी माळ्यावरून काढून घासून ठेवली आहे. ती जिन्याखालून बंद करता येत नाही.

८. मी कपडे पोचवायला गेलेला असेन तर शटर खाली असेल आणि त्याचाही फोटो निघेल. म्हणून दुकानाची दुसरी किल्ली सोबत जोडत आहे. आयुक्तांनी वाटेल तेव्हा उघडून आत जावे. ही किल्ली पत्नीची आहे. ती गेल्यापासून मी ती कोणाच्याही हातात दिलेली नाही. न्यायालयाने ती जागामालकांच्या हाती जाऊ देऊ नये आणि निकाल काहीही लागला तरी मला परत करावी. ताबा द्यायची वेळ आली तर जागामालकांना मी माझी किल्ली देईन.

आपल्या पाहणीची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार
(सही)
लॉंड्रीचालक, प्रतिवादी
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
२) बंद महिन्यांच्या भाडेपावत्या.
३) मेव्हणीचे सहीनिशी निवेदन.
४) किल्ली, एक. तिला बांधलेली लाल दोरी सोडू नये.