लाल कागदावरच्या नोट्स

सर, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. ऑफिसात कुणाशी भांडता येत नाही, म्हणून तुमच्याशी. कॉम्प्युटरच्या चिप ज्या यंत्रांवर बनतात, ती बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम मी करते. आमची कंपनी ज्या देशातली, तिथल्या सरकारनं हुकूम काढलाय. समोरच्या देशाला नवं यंत्र द्यायचं नाही, सुटा भाग द्यायचा नाही, फोनवर सल्लासुद्धा नाही. का, तर ते पुढं जातील. तिथल्या एका कारखान्यात मीच यंत्र बसवलं होतं. तिथला तंत्रज्ञ वयानं माझ्याहून मोठा, तरी दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकला, मला बाईच म्हणतो. सोमवारी त्याचा निरोप आला. यंत्र बंद पडलंय, मालक त्यालाच जबाबदार धरून राहिलेत, नोकरी जायची वेळ आलीय. आधी कोणता व्हॉल्व्ह बंद करू, एवढंच विचारलंय. एका ओळीचं उत्तर आहे हो! आणि आमचे साहेब म्हणतात, निरोप आलाच नाही असं समज. डोकं फिरून गेलंय माझं.

भूकंपानंतर लातुरात शाळेच्या भिंतींना तडे गेले होते, आत बसायची छाती होत नव्हती. तुम्ही मैदानात पत्र्याचं शेड टाकलंत आणि संध्याकाळी फिजिक्स शिकवायला लागलात. औशाकडची, उदगीरकडची, कुणाचीही लेकरं येऊन बसायची. फी विचारली की चिडायचात, पाणी पाजायचे कुणी पैसे घेतं का म्हणायचात. चाचणीत मी पहिली आले तेव्हा खिशातला स्वतःचा टेस्टर काढून दिलात. तो अजून माझ्या पिशवीत आहे.

मग क्लासेसचं पेव फुटलं. तुमचाही क्लास झाला, तीन मजली. नोट्स गडद लाल कागदावर छापायला लागलात, झेरॉक्स काढली तर नुसतं काळं यावं म्हणून. वर प्रत्येक बॅचच्या नोट्समध्ये एकेक वेगळं सूत्र मुद्दाम चुकीचं. वर्गात तोंडी सांगायचात, अमक्या पानावर पेन्सिलनं नीट करून घ्या. कुणी बाहेर उतरवून दिल्या की त्या चुकीवरून चोर सापडणार. लई हुशारी! समोरच्या क्लासमधल्या माझ्या मैत्रिणीला मी त्या नोट्स आठ दिवस बसून हातानं उतरवून दिल्या. बारावीच्या पेपरानंतर गेटबाहेर सगळी पोरं उत्तरं ताडून बघत होती, तुम्हीही उभे होतात. तिनं आपलं उत्तर सांगितलं आणि तुम्ही आमच्या बॅचची चूक लगेच ओळखलीत. ती माझी मैत्रीण हे तुम्हाला ठाऊक होतं, सगळ्यांदेखत माझ्याकडं वळलात.

"मी काय इथं पाणपोई घातलीय का गं?"

"शेडमध्ये होती की, सर," मी म्हटलं.

तुम्ही स्कूटर सुरू करून निघून गेलात. मैत्रीण तिथंच वही उघडून उभी होती. नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला मी लागले, तिचं नाव यादीत थोडक्यात हुकलं. तिचं वाटोळं तुम्ही केलंत असं मी इतकी वर्षं भेटेल त्याला सांगत आले. त्याच रागात तुमच्या मैतीलाही आले नाही.

त्या तंत्रज्ञाला उत्तर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. माझीही नोकरी जाईल, खोटं कशाला बोलू. त्याला कळलंच असेल की बाईंनी वाचलंय आणि गप्प बसल्यात. साहेबांना शिव्या देते, सरकारला देते, तुम्हाला तर देतेच आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. नोट्स उतरवताना माझ्या पानावरची पेन्सिलची दुरुस्ती समोर दिसत होती. मी ती उतरवली नाही. विसरले नव्हते. ती माझ्याहून हुशार होती सर, ती पुढं गेली असती.