भिंतीकडे तोंड केलेली बाई

सासूबाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. जिवंतपणी मी तुम्हाला या नावाने कधी हाक मारली नाही. तुमची भाषा स्पॅनिश, माझी मराठी, आणि मधल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आपण नऊ वर्षं अमेरिकेत, एडिसनमधलं एक स्वयंपाकघर चालवलं. त्यात धड भांडताही आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ओट्याशेजारच्या भिंतीवर तुम्ही डोमिनिकन रिपब्लिकहून आणलेला फोटो लावला होता. काळीकुळकुळीत, मोठ्या कपाळाची बाई, खुर्चीत ताठ बसलेली. कोण म्हणून विचारलं, तर कढईतली केळी उलटत तुम्ही म्हणालात, "कुक." स्वयंपाकिणीचा फोटो कोणी इतका जपतं का? पण तुम्ही, माझ्याहून सावळ्या असूनही, स्वतःला स्पॅनिश गोऱ्यांच्या वंशातल्या म्हणवत होतात. आणि सासूला उलट विचारायचं नाही, हे मी पुण्याहूनच शिकून आले होते.

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला मैत्रिणी हळदीकुंकवाला आल्या. त्या गेल्यावर पाहते तर फोटोचं तोंड भिंतीकडे. धक्का लागला असेल म्हणून सरळ केला. गणपतीत पुन्हा तेच. तुमचे नातेवाईक आले, प्लंबर आला, की ती बाई जागच्या जागी; मराठी माणसं आली की पाठमोरी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी मी घाबरले. कोणी येणार असलं की तिला आधी हात जोडू लागले. त्यात लेक मोठी होत गेली तसं तिचं कपाळ, तिची बसायची ढब त्या फोटोसारखी होत चालली. ती सिंकपाशी पाठमोरी उभी असली की कधी कधी वाटतं, हिने आत्ता वळू नये.

गेल्या रविवारी पुण्याहून काका-काकू आले. मी पाणी आणायला आत गेले, तर लेक स्टुलावर उभी, फोटो तिच्या हातात.

"आई, रिलॅक्स. अबुएलाने प्रॉमिस घेतलं होतं."

तुम्हाला ती अजून आजी नाही, अबुएलाच म्हणते. "कसलं प्रॉमिस?"

"तुझे लोक आले की हिला फिरवायचं. दे डोंट लाइक डार्क पीपल, म्हणाली."

"अगं, पण ती तर कुक होती."

"नो. शी वॉज अबुएलाज मॉम."

बाहेरून काकू विचारत होत्या, "पोरगी कोणावर गेली गं?" मी लेकीच्या हातातून फोटो घेतला आणि सरळ लावला. काकूंना म्हटलं, या, दाखवते.

रात्रभर मला तुमचाच राग येत होता. आमच्या लोकांबद्दल असं सांगायला तुम्हाला कोणी शिकवलं? या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण लिहिता लिहिता आठवलं. लग्नाचे फोटो पुण्याला पाठवण्याआधी मी कॉम्प्युटरवर तुमचा चेहरा उजळ करत बसले होते. तुम्ही मागे माझी कॉफी घेऊन उभ्या होतात. कप ठेवून गेलात, आणि मी उरलेले फोटो पूर्ण केले.