स्वेटर या शब्दाचा अर्थ

दरेकसा, ता. २ डिसेंबर १९५५

ती. गोवर्धनदादास,
प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे बरे आहोत. धानाची चुरणी होऊन दाणे घरात आले. थंडी अशी की बाबूजी शेकोटी सोडून हलत नाहीत. सोबत स्वेटर पाठवते. स्टेशनमास्तरांच्या सुमित्राबाईंनी विणायला शिकवला. निळी लोकर सरली म्हणून एक बाही तपकिरी आहे, हसू नको. याला स्वेटर काऊन म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दादा कॉलेजात इंग्रजी शिकून राहिला, तो सांगेल.

आणखी एक. गोंदियाला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी सातवी झालेल्या मुली घेऊन राहिले. राहायची सोय सुमित्राबाई करतात. मलाही जायचं आहे, पण महिना सरायच्या आत फॉर्मवर बाबूजींची सही पाहिजे. ते तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना दोन ओळी लिही.

माया आहे तशी असू दे.
तुझी प्रेमिला

नागपूर, ता. १९ डिसेंबर १९५५

चि. प्रेमिलास अ. उ. आ.

स्वेटर पोचला. तुझ्यापायी मोठा कोश उघडला! इंग्रजीत घामाला ‘स्वेट’ म्हणतात; घाम आणतो तो स्वेटर. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडचे लोक चरबी उतरवायला मुद्दाम जाड कपडे घालून घाम काढत. थंडीशी त्याचं नातं मागाहून जुळलं. प्रोफेसरांना सांगितलं, तर त्यांनी पाठ थोपटली. बाहीला मात्र खोलीतली मुलं फार हसली, मीही हसलो. आता पुढचा शब्द पाठव.

बाबूजींस नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.
गोवर्धन

दरेकसा, ता. ११ फेब्रुवारी १९५६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अर्थ सुमित्राबाईंना सांगितला, त्यांना आवडला. त्यांची बदली झाली, परवा गेल्या. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली. मग बाबूजींना मीच विचारलं. ते म्हणाले, गोवर्धनला पटलं असतं तर त्यानं लिहिलं नसतं का? फॉर्म कोराच पडून आहे.

सडक अर्जुनीच्या मुन्नालालजींशी माझं लग्न ठरलं. धानाचा व्यापार आहे. माणूस चांगला म्हणतात. मे महिन्यात तिथी आहे, ये.

तुझी प्रेमिला

नागपूर, ता. १६ फेब्रुवारी १९५६

चि. प्रेमिलास अ. उ. आ.

तुझं डिसेंबरचं पत्र काढून पाहिलं. तू सारं स्पष्ट लिहिलं होतंस, आणि मी ते वाचलंही होतं. शब्दाचा अर्थ लिहिताना शाबासकी मिळत होती. बाबूजींना सही मागायची मात्र भीती वाटली. परीक्षेनंतर लिहू म्हणून ठेवलं, आणि तुला तसं कळवलंही नाही.

आज बाबूजींना लिहिलं की लग्न वर्षभर थांबवा. ते दिलेला शब्द फिरवायचे नाहीत, हे तुलाही माहीत आहे. पण ट्रेनिंगचे प्रवेश पुढच्या वर्षीही होतील. मी रविवारी सडक अर्जुनीला जाऊन मुन्नालालजींना स्वतः विचारतो, वर्षभर थांबाल का. ते काय म्हणतील, ठाऊक नाही. नाही म्हणाले, तर ते ‘नाही’ या वेळी तुझ्याआधी मला ऐकू दे.

राग असेल तोवर रागाचं लिही, पण लिहीत जा.
तुझा चुकलेला दादा,
गोवर्धन